पुढचा डोळा

१

रूपचंदआबांनी उभ्या आयुष्यात अकरा बैल विकत घेतले होते आणि एकाही बैलात ते फसले नव्हते. म्हणून जुना टॅबलेट घ्यायला कोरीटहून नंदुरबारला निघाले, तेव्हा मनात फारशी धाकधूक नव्हती. बैल काय आणि टॅबलेट काय, आधी लांबून बघायचा, मग जवळून, मग अंगावर हात फिरवायचा, आणि सगळा वेळ विकणाऱ्याच्या तोंडाकडे लक्ष ठेवायचं. तोंड सगळं सांगून टाकतं.

टॅबलेट हवा होता तो नातीसाठी. आबांची मुलगी कामिनी मस्कतला असायची. लग्नानंतर नऊ वर्षांनी तिला मुलगी झाली, तीही दिवस भरायच्या आधी. नाव ठेवलं मयूरी. पोर चार महिन्यांची झाली तरी मूठभरच होती, आणि एक गोष्ट सगळ्यांना खात होती. ती हसत नव्हती. दूध प्यायची, रडायची, झोपायची, पण कुणाच्या तोंडाकडे बघायची नाही. नजर जायची ती पंख्याकडे, नाहीतर भिंतीकडे. तिथल्या डॉक्टरने सांगितलं होतं की अजून महिनाभर वाट पाहू, मग डोक्याच्या तपासण्या करू.

हे ऐकल्यापासून आबांच्या बायकोच्या, जसोदाबाईंच्या, भाकरी करपायला लागल्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. आबांच्या फोनच्या एवढ्याशा काचेत त्यांना नात म्हणजे एक पांढरा ठिपका दिसायचा.

"मोठी काच आना," त्या म्हणाल्या. "माले पोरनं तोंड देखनं शे. मी देखसू, मी हासाडसू तिले."

डोळ्याच्या ऑपरेशनचे पैसे बाजूला ठेवल्यावर साडेतीन हजार उरत होते. तेवढेच आबांनी बंडीच्या आतल्या खिशात घातले.

स्टँडच्या मागच्या गल्लीत हेमकांतचं दुकान होतं. आकडा ऐकून तो हसला.

"काका, इतलामां तं टॅबलेटनं कव्हर येस."

"मंग कव्हर दखाड. आतमां काही निंघनं तं मना नशीबनं."

हेमकांतला म्हातारा आवडला. त्याने खालच्या फळीवरून एक टॅबलेट काढला. कोपरा घासलेला, काच मात्र चांगली, हाताएवढी रुंद.

"हाऊ शे. पन यामां एक खोड शे."

आबांना बरं वाटलं. खोड आधी सांगणाऱ्याच्या हातून बैल घ्यावा, असा त्यांचा नियम होता.

"याना पुढना डोळा नही," हेमकांत काचेच्या वरच्या बारीक भोकावर बोट ठेवत म्हणाला. "तुम्हले नात दखाई, तिना आवाज येई. पन तिले तुम्ही दखावाऊत नही. ना तुम्ही, ना तुम्हनं घर. समजनं का?"

"काना बैल," आबा म्हणाले.

"हां. काना बैल."

आबांकडे असा एका डोळ्याचा काना बैल सात वर्षं होता. आंधळी बाजू जोडीदाराकडे करून जुंपला की तो सरळ रेघेत चालायचा, दोन डोळ्यांच्या बैलाहूनही सरळ. आबांनी टॅबलेटवरून हात फिरवला.

"आम्हनं काय देखनं शे तिले? सुरकुत्या? ती आम्हले दखाई, बस व्हयनं."

"खोड सांगीसन देल शे काका. मंग परत लेवाऊ नही."

"बैलबाजारमां बी हाऊच कायदा शे, भाऊ," आबा म्हणाले आणि पैसे काढले.

हेमकांतने त्यात एक नवं सिमकार्ड घातलं, कामिनीचं चित्र काचेच्या मधोमध आणून ठेवलं आणि सांगितलं की दुसरं कशालाच बोट लावायचं नाही.

२

कोरीटला आबांच्या घरात पुढच्या खोलीत सागाचा झोपाळा होता, पितळी कड्यांचा. त्याच्यासमोर सतरंजी टाकून दोघं बसली. शेजारच्या अंगणात मिरच्या वाळत होत्या, वारा सुटला की ठसका यायचा, म्हणून दार-खिडकी लावून घेतलेली. दुपारचे चार वाजलेले. कौलातल्या काचेतून उन्हाचा एक चौकोन जमिनीवर पडला होता.

आबांनी टॅबलेट दोन्ही हातांनी धरला, पूजेचं ताट धरावं तसा, आणि कामिनीच्या चित्राला बोट लावलं.

काच उजळली. कामिनीचं तोंड एवढं मोठं आलं की जसोदाबाई मागेच सरकल्या.

"देख कामिनी," आबांनी आधीच ठरवून ठेवलेलं बोलायला घेतलं, "आम्ही तुले दखावाऊत नही, कारन याना एक डोळा..."

"आबा! कितला मस्त दखाई ऱ्हायनात!"

आबा थांबले.

"दखाई ऱ्हायनूत?"

"चोख! मायनं हिरवं लुगडं शे. झोपाळाना कडा घासात वाटस, चमकी ऱ्हायनात."

कडी खरंच कालच घासली होती. आबांच्या तोंडावर हसू पसरत गेलं. काना बैल घरी आणला आणि गोठ्यात बांधल्यावर बघावं तर दोन्ही डोळे शाबूत! हेमकांतलाच कळलं नव्हतं.

"पन आबा, तुम्ही टोपी कसाले काढी? डोकं उघडं दखाई ऱ्हायनं."

आबांनी डाव्या हाताने चाचपलं. टोपी डोक्यावरच होती. मिसरूड फुटलं तेव्हापासून ती डोक्यावर होती, आणि झोपताना सोडली तर उतरत नव्हती.

"नेट," आबा म्हणाले. हा शब्द त्यांनी जावयाकडून उचलला होता. मस्कतच्या फोनवर काहीही बिनसलं की जावई हाच शब्द म्हणायचा.

मग कामिनीने पोरीला मांडीवर घेतलं. जसोदाबाई काचेला नाक लावून बघायला लागल्या. "मयूरी, ओ मयूरी, इकडे देख ना व माय." पोरीची नजर आधी छताकडे गेली. तिथून खाली घरंगळली. आणि थांबली.

कुठेतरी थांबली, आणि पोर हसली.

बोळकं उघडून, हातपाय झाडून, आवाज करून हसली. कामिनी नुसतं "आबा, आबा" करत राहिली आणि डोळे पुसत राहिली. जसोदाबाई तर सतरंजीवरच फतकल मारून रडायला लागल्या, हसत हसत.

"आबा, ती तुम्हलेच देखी ऱ्हायनी! तुम्हलेच!"

आबाही रडत होते. पण आयुष्यभर जनावरांचे डोळे बघितलेला माणूस. कोणाची नजर कुठे टेकली आहे हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. पोर त्यांच्याकडे बघत नव्हती. तिची नजर त्यांच्या उजव्या कानाजवळून, वीतभर वरून, मागे जात होती.

मागे झोपाळ्याची कडी कर्र वाजली. एकदाच.

वारा असेल, आबांच्या मनात आलं. मग त्यांना आठवलं की दार-खिडकी बंद आहे. मग त्यांनी स्वतःलाच सांगितलं की लाकूड आहे, उन्हाने तडकतं.

३

दुसऱ्या दिवशी आबांनी गल्लीत पेढे वाटले. कान्या बैलाच्या भावात दोन डोळ्यांचा मिळाला, ही गोष्ट त्यांनी ज्याला त्याला सांगितली. शेजारच्या मंगलाबाईंनी तर दारातूनच टोमणा मारला, "आबा, आते मस्कतवाला झायात. आम्हले वळखशात का नही?"

"अर्ज करा," आबा म्हणाले. "देखसूत."

रोज चार वाजता काच उजळायची, आणि रोज मयूरी हसायची. कामिनीने डॉक्टरला कळवलं. डॉक्टर म्हणाला, छान, तपासण्यांची घाई नको. जसोदाबाईंच्या भाकरी पुन्हा टम्म फुगायला लागल्या.

फक्त कामिनी मधूनमधून काहीबाही बोलायची. एकदा म्हणाली, आबा, टोपी सोडीच दिधी का? एकदा म्हणाली, कितले गप्प बठतस, नुसता हासतस. आबा तेव्हा चांगले तोंड भरून बोलत होते. प्रत्येक वेळी ते नेटचं नाव घ्यायचे आणि बोलणं पुढे न्यायचे. मनाशी म्हणायचे, साडेतीन हजारांची वस्तू आहे, एखादा रंग इकडचा तिकडे होणारच. पण आता फोन चालू असताना ते मागे वळून बघत नव्हते. आधी बघायचे की नाही हे त्यांना आठवत नव्हतं. आता मात्र बघत नाही, हे त्यांना कळत होतं.

नवव्या की दहाव्या दिवशी कामिनी स्वयंपाकघरात काम करता करता बोलत होती. फोन तिने डब्याला टेकवून ठेवला होता. बोलता बोलता थांबली आणि हसायला लागली.

"आबा, एक गंमत सांगू का? माय सतरंजीवर शे. तुम्ही तिकडे मांगे झोपाळावर बठेल शेतस. मंग टॅबलेट कोनी धरेल शे?"

"दुसरं कोन धरई?" जसोदाबाई म्हणाल्या. "तुना बाप!"

दोघी मायलेकी खूप हसल्या. आबाही हसले. त्यांचे दोन्ही हात टॅबलेटच्या कडांवर होते.

४

सोमवारी आबा टॅबलेट आणि पाचशे रुपये घेऊन हेमकांतच्या दुकानात गेले. घरी त्यांनी सांगितलं होतं की हिशेब चोख करायचा आहे. वस्तू चांगली निघाली तर विकणाऱ्याचं नुकसान का ठेवायचं? हे खरं होतं. पण पूर्ण खरं नव्हतं, हे बसमध्ये बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

"याना पुढना डोळा चालस, भाऊ," त्यांनी पैसे गल्ल्यावर ठेवले. "पोर आम्हले रोज देखस."

हेमकांतने पैशांकडे बघितलं, मग आबांकडे. "काका, चालू शकस नही."

"चालस. झोपाळाना कडा बी दखातस तिले."

हेमकांतने पातळ पट्टीने टॅबलेटची पाठ उचकली, दिव्याखाली धरली आणि आबांना जवळ बोलावलं. आत हिरवी-काळी जाळी होती. वरच्या बाजूला, भोकाच्या मागे, हरभऱ्याएवढी एक जागा होती.

रिकामी.

"मीच काढेल शे तो डोळा," हेमकांत हळू आवाजात म्हणाला. "दिवाळीले. दुसरा गिऱ्हाईकना टॅबलेटमां टाका. याना डोळा बिघडेल नही, काका. याले डोळाच नही."

आबांनी त्या हरभऱ्याएवढ्या जागेवर करंगळी ठेवून बघितली.

"तुमन्या पोरले वाटत व्हई," हेमकांत शेवटी म्हणाला. तेच त्याला स्वतःलाही पटलं नाही. मग त्याने वरच्या फळीवरून दुसरा टॅबलेट काढला. "हाऊ ल्या. दोन्ही डोळा चांगला शेतस. पैसा नको. बदली लेवा."

आबांनी त्या दुसऱ्या टॅबलेटवरून कामिनीला फोन लावायला सांगितलं. कोपऱ्यात एक छोटा चौकोन उघडला आणि त्यात आबांना स्वतःचं तोंड दिसलं, टोपीसकट. आबांच्या टॅबलेटवरही त्या कोपऱ्यात एक चौकोन असायचा. पण तो काळा असायचा. आबांना तो टॅबलेटचा डागच वाटला होता.

कामिनी आली. आबांना बघून तिच्या भुवया वर गेल्या.

"अरे वा! आज टोपी घाली! कितला दिवसथून!"

आबांनी टोपीला हात लावून बघितला.

"मयूरीले आन," ते म्हणाले.

मयूरी आली. आबांनी टाळ्या वाजवल्या. जीभ टाळ्याला लावून बैलाला देतात तसा आवाज काढला. हेमकांतनेही मागून माकडासारखं तोंड केलं. पोरीने एकदा काचेकडे बघितलं आणि नजर उचलून पंख्याकडे नेली. ती तिथेच राहिली.

"आज मूडमां नही वाटस," कामिनी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. त्या बारीक आवाजात पूर्वीचे चार महिने होते.

आबांनी नवा टॅबलेट गल्ल्यावर ठेवला. थोडा वेळ त्यांचा हात त्याच्यावरच राहिला.

"मना काना बैलच दे, भाऊ," ते म्हणाले.

५

बुधवारी सकाळी कामिनीचा साधा फोन आला. रात्रीपासून मयूरीच्या अंगात ताप होता.

"नजर लागनी," जसोदाबाईंनी लगेच सांगितलं. "रोज इतली हासस."

"मस्कतमां कोन लावई तिले नजर?"

"जो रोज देखस तो."



जसोदाबाईंनी सात सुक्या मिरच्या निवडल्या, यंदाच्या, देठासकट. मीठ घेतलं, मोहरी घेतली. चार वाजता कामिनीने तापलेली पोर काचेसमोर धरली. जसोदाबाईंनी मूठ टॅबलेटवरून सात वेळा उतरवली, वरून खाली, अगदी कडांना धरून.

"माय," कामिनी रडता रडता हसली, "काचमांथून उतरी का नजर?"

"चढस तं उतरस बी," जसोदाबाई म्हणाल्या.

पोर झोपेतच होती. फोन ठेवल्यावर टॅबलेट आपोआप विझला, कारण चार्जिंग संपलं होतं. आबांनी तो झोपाळ्यासमोरच्या कोनाड्यात उभा केला आणि चिमटा घेऊन चुलीपाशी गेले. स्वयंपाकाची चूल त्याच खोलीला लागून होती, मध्ये दार नव्हतं.

जसोदाबाईंनी सातही मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या.

कोरीटमध्ये एक मिरची विस्तवात पडली तर तीन घरं खोकतात. आबांनी सवयीने नाकाला उपरणं लावलं. मिरच्या तडतडल्या, काळ्या झाल्या, धूर निघाला. पण वास आला नाही. ठसका आला नाही. आबांनी उपरणं काढलं, धूर नाकात ओढला. शेणीच्या धुरासारखा साधा धूर होता.

"कितली जबर नजर," जसोदाबाई पुटपुटल्या. त्या चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या.

तेवढ्यात पुढच्या खोलीत कोणीतरी खोकलं.

कोरडा, म्हाताऱ्या छातीचा ठसका. पाहुणा माणूस लोकांच्या घरात तोंडावर कपडा धरून खोकतो, तसा दाबलेला. एकदा, दोनदा. मग थोडा वेळ गेला, आणि तिसऱ्यांदा, न आवरून.

"पानी पी ल्या ना," जसोदाबाई मागे न बघताच म्हणाल्या. "कसाले तिकडे मिरचीना धूर खावाले बठनात?"

आबा त्यांच्या उजव्या हाताला उभे होते. हातात चिमटा होता. मोतीबिंदूच्या डोळ्यांना तेवढं दिसत नव्हतं. आबा बोलले असते तर कळलं असतं.

ज्याने नजर लावली त्याला मिरची लागली असेल. किंवा पोरीवरची मिरची कुणीतरी आपल्या छातीवर घेतली असेल. दोन्हीत ठसका सारखाच येतो. आबा उभ्या उभ्या बराच वेळ विचार करत राहिले, पण दोन्हीतलं एक काही निवडता येईना.

शेवटी त्यांनी माठातून पितळी पेला भरला. झोपाळ्याकडे न बघता, फक्त कडीकडे बघत, ते पुढच्या खोलीत गेले. पेला झोपाळ्याच्या फळीवर ठेवला आणि तसेच, पाठ न वळवता, मागे आले.

६

सकाळी मयूरीचा ताप उतरला होता. कामिनीने पहाटेच कळवलं. पेला जागच्या जागी उभा होता. आत एक थेंबही नव्हता, आणि फळी कोरडी होती. मांजर असं पिऊ शकेल का, याचा आबांनी प्रामाणिकपणे विचार केला. मग पेला विसळून भरून ठेवला.

चारला पाच कमी असताना ते झोपाळ्यासमोर उभे राहिले. पन्नास वर्षांत त्यांनी कुणाच्या पुढे उघड्या डोक्याने बोलणं केलं नव्हतं, आणि कुणी बिचारा इतके दिवस त्यांच्या घरात, त्यांच्या मुलीपुढे, उघड्या डोक्याने बसत होता. हे बरं दिसत नव्हतं. आबांनी टोपी उतरवली, झटकली, घडी नीट केली आणि फळीवर पेल्याशेजारी ठेवली.

मग सतरंजीवर येऊन बसले. झोपाळ्याकडे पाठ करून. टक्कल गार पडलं होतं.

काच उजळली.

"आबा!" कामिनी ओरडलीच. "आज टोपी घाली! कितली शोभस तुम्हले! पन वाकडी शे, नीट करा."

आबांनी टॅबलेट दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"हां," कामिनी म्हणाली. "आते बरोबर."

मयूरी कामिनीच्या मांडीवर उताणी होती. तापाने जरा सुकली होती. तिची नजर छतावरून सुटली, भिंतीवरून आली, आबांच्या उघड्या डोक्यावरून गेली आणि वीतभर मागे जाऊन टेकली. पोर हसली. गावाला ऐकू जाईल अशी हसली. जसोदाबाईंनी काचेचेच मुके घेतले आणि काच ओली केली.

फोन ठेवल्यावर काच विझली. काळी झाली, आरशासारखी. आबांना ती लगेच खाली ठेवायची होती, पण हात जरा उशिरा हलले. काळ्या काचेत पुढे त्यांचं टक्कल होतं. त्याच्या मागे, झोपाळ्याच्या उंचीवर, एक पांढरी टोपी होती, आणि टोपीला खालून धरलेली चार बोटं, नवी वस्तू सांभाळून धरावी तशी.

आबांनी टॅबलेट पालथा घातला.

झोपाळ्याची कडी वाजायला लागली. कर्र, कर्र. सावकाश, जेवण झालेल्या माणसाच्या चालीने.

जसोदाबाईंनी लुगड्याच्या पदराने डोळे पुसले आणि नवऱ्याकडे निरखून बघितलं.

"ओ, टोपी कोठे शे तुम्हनी?"

"दिधी."

"कोनले?"

आबांनी टॅबलेटच्या काचेवरचा ओलावा बंडीला पुसला आणि तो चार्जिंगला लावला. कडी वाजत होती.

"उद्या बाजारमां जासू," ते म्हणाले. "मनासाठे दुसरी लिसू."